दहाचा पाना, दहाचा नट आणि मधली फट

मित्राने ओट्यावर दोन पाने शेजारी शेजारी ठेवले. एक त्याचा, एक माझा. दोन्ही रिंग पाने, म्हणजे नटाभोवती कड्यासारखे बसणारे, दोन्हींवर ठळक '१०' कोरलेलं. माझा पाना त्याच्या पान्याच्या जवळजवळ दहापट महाग आहे, हे त्याला नुकतंच कळलं होतं.

"दोन्ही दहाचेच ना?" तो म्हणाला. "मग?"

त्या 'मग?'ला मी तेव्हा धड उत्तर दिलं नाही. "वापरून बघ, कळेल," असं काहीतरी पुटपुटलो. गाडीची कामं स्वतः करणारी माणसं एखाद्या रॅचेटवर, म्हणजे नट फिरवायच्या टिकटिकणाऱ्या दांड्यावर, इतका जीव का टाकतात, चक्क कापडात गुंडाळून का ठेवतात, हे बाहेरून बघणाऱ्याला कोडंच वाटतं. त्यात थोडा शौक आहे, थोडा दिखावाही आहे, नाकारत नाही. पण खाली एक साधी भूमिती आहे, आणि ती कळली की अर्धं कोडं सुटतं.

कोपऱ्यावरचं पाऊण मिलिमीटर

षटकोनी नटाचं माप म्हणजे त्याच्या समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधलं अंतर. दहाचा नट म्हणजे या दोन बाजूंमध्ये १० मिलिमीटर. तोच नट एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत मोजला तर भरतो साडेअकराच्या आसपास. आता त्या नटावर १० मिलिमीटर व्यासाचं वर्तुळ काढलंय असं समजा. वर्तुळाच्या बाहेर प्रत्येक कोपऱ्यावर किती पोलाद उरलं? पाऊण मिलिमीटर. पाना जे काही धरतो ते एवढंच. तेवढं झिजलं की नट गोल झाला, आणि गोल नटाला कुठलाच पाना बसत नाही.

दुसरी गोष्ट अशी, की दहाचा पाना कधीच बरोबर दहाचा नसतो. तो दहाहून किंचित मोठा ठेवतात आणि नट दहाहून किंचित लहान. तसं केलं नाही तर रंगाचा एक थर किंवा थोडासा गंजही पाना बसू देणार नाही. म्हणजे फट असणारच. किती असावी, एवढाच मुद्दा.

हिशेब करून बघितला. दहाच्या नटावर फट ०.२ मिलिमीटर असेल तर पाना सुमारे दोन अंश मोकळा फिरतो आणि मग टेकतो. फट ०.५ मिलिमीटर झाली की हा मोकळा फेरा पाच अंशांच्या पुढे जातो. शिवाय टेकताना तो नटाच्या सपाट बाजूवर टेकत नाही, कोपऱ्याच्या कडेवर टेकतो. फट जितकी मोठी तितका तो कोपऱ्याच्या टोकाकडे सरकतो, म्हणजे सगळा जोर त्या पाऊण मिलिमीटरच्याही शेवटच्या कणावर.

सैल बूट घालून चालण्यासारखं आहे हे. मापाच्या बुटात पाय सगळीकडून टेकतो. सैल बुटात तो एकाच जागी घासत राहतो आणि तिथे फोड येतो. अर्धा मिलिमीटर कागदावर नगण्य वाटतो, पण इथे सगळा खेळच पाऊण मिलिमीटरचा आहे.

चांगल्या पान्याचे जास्तीचे पैसे आधी या फटीत जातात. साचा झिजला की बदलणं, तापवल्यावर माप हललं का ते तपासणं, हललेला माल बाजूला काढणं, याला खर्च येतो. स्वस्त पानाही कधीकधी अचूक निघतो. पण निघेलच, असं कुणी सांगू शकत नाही.

एक निपल, दोन रविवार

माझं स्वतःचं शिक्षण कसं झालं ते सांगतो. ब्रेकमधली हवा काढायची होती. त्यासाठी कॅलिपरवर, म्हणजे ब्रेकचे पॅड दाबणाऱ्या भागावर, एक छोटा निपल असतो. तो पाव फेरा सैल करायचा, ब्रेक ऑइलबरोबर हवा बाहेर येते, परत आवळायचा. पाच मिनिटांचं काम. पण हा निपल मधून पोकळ असतो, त्यामुळे नाजूक. बसलेला असतो चाकाजवळ, त्यामुळे पाणी-चिखल खाऊन गंजलेला.

माझ्याकडे एका मोठ्या पेटीतला रिंग पाना होता. लावला, ओढला. टक् असा आवाज झाला आणि पाना फिरला. सुटला! हा आनंद अर्धा सेकंद टिकला. निपल जागच्या जागी होता, फिरला होता तो नुसता पाना. वाकून पाहिलं तर तपकिरी, गंजलेल्या निपलवर सहा नव्या चकचकीत रेघा उमटल्या होत्या, प्रत्येक कोपऱ्यावर एक.

इथे थांबायला हवं होतं. थांबलो नाही. पक्कड लावली, पक्कडीने उरलेसुरले कोपरेही सोलले. मग पक्कडीवर आणखी जोर लावला आणि निपल मुळापासून मोडला, अर्धा आत, अर्धा पक्कडीत. तो रविवार गेला. पुढच्या रविवारी अख्खा कॅलिपर बदलला. त्या एका कॅलिपरच्या पैशात चांगले रिंग पाने पूर्ण संचाने आले असते.

म्हणून पाना मोडला तर फुकट बदलून देऊ, या आयुष्यभराच्या हमीचं मला फारसं अप्रूप वाटत नाही. पाना बदलून मिळतो. नट कोण बदलून देणार?

बारा कोपरे आणि सहा कोपरे

त्या दिवशी दोष फटीचा होता तसा आकाराचाही होता. माझा रिंग पाना आतून बारा कोपऱ्यांचा होता. बारा कोपऱ्यांचा पाना दर ३० अंशांवर नटावर बसतो, सहा कोपऱ्यांचा दर ६० अंशांवर. अडचणीच्या जागी हात जेमतेम हलतो तिथे बारा कोपरेच सोयीचे. पण प्रत्येक खाच लहान असल्यामुळे तो नटाला कोपऱ्याजवळच धरतो. सहा कोपऱ्यांचा पाना नटाची बाजू जास्त लांबीवर झाकतो. मऊ, गंजलेलं, नाजूक काही असेल तर सहाच कोपरे घ्यावेत. ब्रेकच्या पाइपच्या नटांसाठी तर वेगळाच रिंग पाना मिळतो. त्याच्या कड्याला एका बाजूने खाच असते, म्हणजे तो पाइपवरून आत सरकवता येतो आणि तरी पाच बाजूंनी नट धरतो. वर्षातून दोनदा लागणारी वस्तू, पण लागते तेव्हा तिला पर्याय नसतो.

कोपऱ्याचा हा त्रास कमी करायची एक युक्ती १९६० च्या दशकात स्नॅप-ऑन या अमेरिकी कंपनीने 'फ्लँक ड्राइव्ह' नावाने बाजारात आणली. पान्याच्या आतले कोपरे किंचित गोलसर पोखरायचे, म्हणजे नटाचा कोपरा पान्याला शिवतच नाही आणि जोर कोपऱ्यापासून थोडा आत, सपाट बाजूवर येतो. ऐकायला क्षुल्लक, पण नट घासण्याचं प्रमाण याने खरंच उतरतं. आता ही कल्पना वेगवेगळ्या नावांनी बहुतेक चांगल्या कंपन्यांच्या गोट्यांमध्ये दिसते. (गोटी म्हणजे सॉकेट. नटावर टोपीसारखी बसते, वरून तिला दांडा जोडतात.)

पोलादाला पाणी देणं

"लोखंड ते लोखंड," हा पुढचा आक्षेप. नाही. लोहार पात्याला 'पाणी देतो', म्हणजे लाल तापवून झटकन थंड करतो, तेव्हा पोलाद कडक होतं पण काचेसारखं ठिसूळही होतं. मग ते बेताने पुन्हा तापवून त्या कडकपणातला थोडा परत काढून घेतात. पान्याचा सगळा गुण या देण्याघेण्यात आहे. फार मऊ ठेवला तर पान्याचा जबडा उघडतो, फार कडक ठेवला तर तडा जातो.

कडकपणा मोजायला रॉकवेल सी नावाचं माप आहे. हाताच्या चांगल्या पान्यांचा आकडा साधारण ४० ते ५० च्या दरम्यान असतो. स्क्रू ड्रायव्हरचं टोक त्याहून कडक, पन्नाशीच्या पुढे, कारण त्याला बारीक खाचेत टिकायचं असतं. नट ठोके देत फिरवणाऱ्या हवेच्या किंवा विजेच्या गनला लावायच्या काळ्या गोट्या मात्र मुद्दाम जरा कमी कडक आणि जाड भिंतीच्या करतात, कारण त्यांना सतत ठोके सोसायचे असतात. म्हणूनच चकचकीत क्रोमची गोटी गनला लावू नये. फुटली तर तुकडा गोळीसारखा उडतो.

चांगल्या पोलादाचा खरा फायदा ताकदीत दिसतो त्याहून जास्त बारीकपणात दिसतो. स्वस्त पाना तेवढीच ताकद मिळवायला जाडजूड करावा लागतो. चांगला पाना सडपातळ राहू शकतो. आणि गाडीच्या इंजिनाभोवती जागा कशी असते ते ज्याने एकदा हात घालून पाहिलंय त्याला दीड मिलिमीटर पातळ जबड्याचं मोल सांगावं लागत नाही.

रॅचेटची टिकटिक

रॅचेट हा दांडा एका दिशेने फिरवताना नट फिरवतो आणि उलट दिशेने नुसता टिकटिकत मागे येतो, त्यामुळे पाना उचलून पुन्हा लावावा लागत नाही. आत एक दातेरी चाक असतं. ३६ दाते असतील तर एक टिक म्हणजे १० अंश, ७२ असतील तर ५ अंश. दांड्याला हलायला बोटभरच जागा असेल तर ५ अंशांत काम होतं, १० अंशांत होत नाही. पण दाते वाढले की प्रत्येक दाता बारीक होतो, आणि बारीक दाते जोर सोसतील असे करायला पोलाद आणि कारागिरी दोन्ही लागतात. स्वस्तात ९० दाते मिळत असतील तर मी उलट जरा साशंक होतो.

सुटी गोटी आणि वेगळा दांडा ही जोडी आज इतकी साहजिक वाटते, पण एकेकाळी प्रत्येक गोटीला तिचा दांडा कायमचा जोडलेलाच असायचा. स्नॅप-ऑन १९२० मध्ये उभी राहिली तीच मुळी या कल्पनेवर: दहा गोट्या, पाच दांडे, आणि पन्नास पान्यांचं काम. गोटी पटकन सोडवणारं रॅचेटच्या पाठीवरचं बटण हेही असंच. पीटर रॉबर्ट्स या अमेरिकेतल्या तरुण दुकान-कर्मचाऱ्याला १९६५ मध्ये त्याचं पेटंट मिळालं. हक्क त्याने ज्या कंपनीत तो कामाला होता त्या सीअर्सलाच किरकोळ मोबदल्यात दिले, आणि पुढे तो वाद वीसेक वर्षं कोर्टात चालला. तेलकट हाताने ते बटण दाबताना मला अधूनमधून त्याची आठवण येते.

जाड हातमोजा घालून नाडी बघणं

आता जे सांगायचंय ते मोजायला सर्वांत अवघड आहे, आणि माझ्या मते आकर्षणाचं खरं कारणही तेच.

बोल्ट आवळणं म्हणजे तो ताणणं. बोल्ट ही अतिशय ताठ स्प्रिंग आहे. आवळला की ती किंचित लांबते आणि आकसायच्या ओढीने दोन भाग एकमेकांवर दाबून धरते. पण आपण लावलेल्या जोरातला साधारण दहावा भागच या ताणात जातो. उरलेला सगळा डोक्याखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणात संपतो. आटे गंजलेले असोत की तेलकट, तोच जोर लावून वेगवेगळा ताण मिळतो. म्हणजे बोल्टच्या आत काय चाललंय हे हाताला घर्षणाच्या पडद्याआडून ओळखायचं असतं.

तरी हात ओळखतो. आटे स्वच्छ असतील तर बोल्ट एकसारखा चढतो आणि मग ठामपणे टेकतो. आटा चुकून तिरपा चढला असेल तर पहिल्या दोन फेऱ्यांतच खरखरीत अडतो. बोल्ट मर्यादेपलीकडे ताणला जात असेल तर फिरतोय पण घट्ट होत नाही, असा एक मऊपणा लागतो. तो मऊपणा जाणवला की थांबायचं. पुढचा पाव फेरा म्हणजे तुटलेला बोल्ट किंवा ॲल्युमिनियममधले गेलेले आटे.

हे सगळे इशारे दोन-चार अंशांच्या आत येतात. पानाच पाच अंश मोकळा हलत असेल, दांडा लवत असेल, रॅचेट डोक्याशी डुगडुगत असेल, तर हे कळणार कसं? जाड हातमोजा घालून नाडी बघण्यासारखं ते. चांगलं हत्यार मधून बाजूला होतं आणि बोट थेट बोल्टवर ठेवल्यासारखं वाटतं. "वापरून बघ, कळेल" म्हणताना मला हे म्हणायचं होतं.

नुसता हात मात्र पुरत नाही

पिळण्याच्या जोराला टॉर्क म्हणतात आणि तो न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. एक मीटर लांब आडव्या काठीच्या टोकाला १०० ग्रॅमचं वजन टांगलं की जवळपास एक न्यूटन-मीटर. प्रवासी गाडीच्या चाकाच्या नटाला साधारण १०० ते १२० लागतात, तर इंजिनावरच्या दहाच्या डोक्याच्या छोट्या बोल्टला त्याच्या दहाव्या भागाइतकाच. १०० न्यूटन-मीटर पाव मीटरच्या पान्याने द्यायचे तर टोकाला ४० किलोंइतका जोर लावावा लागतो. दहाचा पाना लांडा आणि एकोणिसाचा लांबलचक असतो तो यासाठीच. लांबी ही पान्यात आधीच घालून दिलेली मर्यादा आहे. दहाच्या पान्यावर पाइप चढवून ओढणारा माणूस ती मर्यादा मोडतो, आणि मग बोल्टच्या नावाने बोटं मोडतो.

चाकं, ब्रेक, इंजिनाचं हेड, इथे अंदाज नको. तिथे ठरावीक जोरावर 'कट्' करणारा टॉर्क पाना लागतो. आयएसओ ६७८९ या मानकाप्रमाणे अशा पान्याची चूक सर्वसाधारणपणे ४ टक्क्यांच्या आत असावी लागते. त्याने नट सोडवू नये, आणि काम झालं की मापाची स्प्रिंग सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवावी. हातावर कितीही विश्वास असला तरी चाकाच्या बाबतीत मी तो बाजूला ठेवतो.

"पण आमचा मेकॅनिक तर..."

हा आक्षेप हमखास येतो. आमचा मेकॅनिक तीन झिजलेल्या पान्यांनी अख्खं इंजिन उतरवतो, मग तुमचे हे चोचले कशाला? नाचता येईना अंगण वाकडं, असं सुचवायचं असतं.

मेकॅनिकचं कौतुक मलाही आहे. पण तो काय करतो ते नीट बघा. नट हट्टी आहे हे त्याला लावण्याआधीच दिसतं. तो आधी तेल सोडतो, डोक्यावर दोन ठोके देतो, गरज पडली तर तापवतो, आणि ओढताना एका हाताने पान्याचं डोकं नटावर दाबून धरतो. पान्याची फट तो हाताने भरून काढतो. शिवाय नट गोल झालाच तर तो काढायचे पाच मार्ग त्याला माहीत आहेत. नवख्याकडे यातलं काहीच नाही. म्हणून चांगल्या पान्याची जास्त गरज नवख्याला असते. आपण मात्र उलटं करतो, शिकाऊ माणसाला स्वस्त पेटी देतो आणि "हात बसला की चांगलं घे" म्हणतो. अंगण कधीकधी खरोखरच वाकडं असतं.

स्क्रू ड्रायव्हरच्या बाबतीत तर नुसता कसबाचा प्रश्नही नाही. अधिकच्या खुणेचे सगळे स्क्रू आपल्याला सारखेच वाटतात. पण १९३० च्या दशकात अमेरिकेत रूढ झालेला फिलिप्स आणि जपानी गाड्यांवरचा जपानी मानकाचा स्क्रू यांच्या खाचा जरा वेगळ्या असतात. फिलिप्सचं टोक जपानी खाचेत तळापर्यंत पोचत नाही आणि जोर लावला की वर चढून निसटतं. नाव ठेवतात स्क्रूला, "फार मऊ आहे" म्हणून.

विजेच्या गाड्या आल्या की हे संपणार?

इंजिन जाईल, ऑइल बदलणं जाईल. चाकं, ब्रेक, सस्पेन्शन, सीट, दरवाजे राहतील, आणि ते सगळं नट-बोल्टवरच राहील. उच्च दाबाच्या बॅटरीच्या भागाला मात्र घरगुती हौशी माणसाने हात लावू नये. तिथे १००० व्होल्टपर्यंतच्या कामासाठी प्रमाणित, इन्सुलेशन असलेली हत्यारं लागतात आणि त्याहून आधी प्रशिक्षण लागतं.

मग सगळं महागच घ्यायचं?

छे. इथे माझ्यासारखेच लोक फसतात. माझ्या कपाटात इंची मापाच्या गोट्यांचा एक देखणा संच आहे. माझ्या गाडीवर एकही इंची बोल्ट नाही. घेतला, कारण खणात तो फार सुंदर दिसत होता.

माझं मत विचाराल तर ज्याची नटाशी थेट गाठ पडते आणि जे रोज लागतं तेवढंच चांगलं घ्यावं: आठ ते एकोणीस मापांच्या सहा कोपऱ्यांच्या गोट्या, एक मध्यम रॅचेट, दोन-तीन रिंग पाने, दोन स्क्रू ड्रायव्हर. हातोडी, खरडणी, फनेल, ट्रे स्वस्तातले चालतात. शे-दीडशे नगांची पेटी टाळावी, त्यातले निम्मे नग आकडा फुगवायला असतात. आणि गाडी उचलून खाली शिरायचं असेल तर पहिले पैसे पान्यांवर घालूच नयेत, गाडीखाली लावायच्या भक्कम घोड्यांवर घालावेत. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कुणीही जाऊ नये, हातात कितीही भारी पाना असो.

मित्राला शेवटी मी हे बोलून दाखवलं नाही. एक कोरा करकरीत दहाच्या डोक्याचा बोल्ट शिकंजात आवळून दिला आणि दोन्ही पाने आलटून पालटून लावायला सांगितलं, जोर न लावता नुसते डावी-उजवीकडे हलवून बघ म्हटलं. त्याचा पाना चांगलाच डुलला. माझा जेमतेम हलला. तो जरा खट्टू झाला, मग त्याने स्वतःच पेटीतून तेराचा पाना काढला आणि तेराच्या बोल्टवर लावला. तो चपखल बसला, माझ्या तेरापेक्षा तसूभरही कमी नाही. आम्ही मग पेटीतले सगळे पाने एकेक करून लावून पाहिले. त्यातले चार त्याने बाजूला काढले, बाकीचे परत पेटीत ठेवले.